बांधावरच्या रानमाश्या

वांग्याच्या फुलात मधाचा एक थेंबही नसतो. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा जुडगा उभा असतो, आणि तोही सहजासहजी काही देत नाही. इतर बहुतेक फुलांचे परागकोश उभे फाटतात, पराग उघड्यावर येतो, येईल त्याने न्यावा. वांग्याचा परागकोश मात्र चहूबाजूंनी बंद. टोकाला बारीक छिद्र, आणि पराग आत कोंडलेला. पेटीत पाळलेली सातेरी मधमाशी या फुलावर आली तरी बहुधा रिकामीच परत जाते, कारण हा पराग बाहेर कसा काढायचा ते तिला येत नाही.

ज्यांना ते येतं, त्या माश्या पेटीत राहत नाहीत. त्या बांधावर राहतात.

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीपाशी सापगाव येतं. पावसाळ्यात इथे भात. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर वाल, आणि पाण्याची सोय असेल तिथे भेंडी, काकडी, वांगी, मिरची, गवार. शहापूर-मुरबाड पट्ट्यातली ही भाजी कल्याण-मुंबईच्या बाजारात जाते. ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे कष्ट आपल्याला माहीत असतात. त्याच्या जोडीला राबणाऱ्या रानमाश्यांचं मात्र कुणी नावही घेत नाही, कारण त्या मध देत नाहीत, मोहोळ बांधत नाहीत आणि सहसा चावतही नाहीत. त्यांच्याकडे लक्ष जावं असं काही घडतच नाही. पण एकदा लक्ष गेलं की नजर हटत नाही.

सकाळी ऊन थोडं तापलं की वांग्याच्या एका फुलाजवळ शांत उभं राहावं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळसर माशी येते. नोमिया गटातली असेल तर तिच्या पोटावर निळ्या-हिरव्या झाकेचे चमकदार पट्टे दिसतात. फुलाची मान खाली असते, म्हणून ती उलटी लटकते. जबड्याने परागकोश घट्ट पकडते, पायांनी जुडग्याला मिठी मारते आणि पंख पाठीवर मिटते. मग आवाज येतो. उडतानाचा घोंगाव खालच्या पट्टीतला असतो. हा वरच्या पट्टीतला, तुटक, क्षणभर वाजून थांबणारा. पंख मिटलेलेच आहेत, तरी आवाज येतोच आहे. ज्या छातीच्या स्नायूंनी ती उडते, तेच स्नायू ती आता पंख न हलवता थरथरवते आणि ती थरथर अंगातून थेट फुलात सोडते. सेकंदाला दोनशे ते चारशे कंपनं! कोशातले परागकण आतल्या आत उसळतात, टोकाच्या छिद्रातून बाहेर फेकले जातात आणि माशीच्या पोटावर पिवळी भुकटी साचते. ती पायांनी अंग झाडते, पराग मागच्या पायांच्या केसांत भरते आणि पुढच्या फुलाकडे निघते. केसांत अडकून राहिलेले काही कण तिथल्या कुक्षीला लागतात. वांगं धरतं.

वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडा पराग सांडतो आणि वांग्याचं फूल स्वतःच्या परागावरही फळ धरू शकतं. पण अशी गुणगुणणारी माशी आली तर पराग भरपूर मिळतो, फळ नीट भरतं. टोमॅटोच्या फुलाची हीच रीत. बांधावरची काटेरिंगणी, पावसाळ्यात भाजीसाठी खुडतो तो टाकळा, माळावरचा पिवळाधमक तरवड, यांचीही तीच. जगभरात २०,००० हून अधिक जातींच्या वनस्पतींनी आपला पराग असा छिद्रामागे ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या फुलावरच्या एका निळ्या पट्ट्यांच्या माशीचं वेगवान चित्रण केलं, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोकं परागकोशावर आपटते असं २०१६ साली उघड झालं. या माशीची सख्खी बहीण शोभावी अशी अमेगिला झोनाटा भारतभर आढळते. निळ्या पट्ट्यांची, गोंडस केसाळ, फुलासमोर क्षणभर स्थिर तरंगणारी माशी दिसली तर ती बहुधा हीच.

एकटीचा संसार

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोळं येतं, एक राणी येते आणि हजारो कामकरी येतात. हे चित्र खरं आहे, पण ते फार थोड्या माश्यांचं आहे. जगात माश्यांच्या या गोतातल्या २०,००० हून अधिक जाती शास्त्राला ठाऊक आहेत. त्यांतल्या आग्या, सातेरी, फुलोरी ज्या वंशातल्या, त्या एपिस वंशाच्या जाती जेमतेम दहाच्या आसपास. बाकीच्यांतल्या बहुतेक माश्या एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, साठवलेला मध नाही. प्रत्येक मादी स्वतःच घर खणते, स्वतःच पराग आणते, स्वतःच अंडी घालते.

भारतात या गोतातल्या सातशेहून अधिक जातींची नोंद आहे. जगातल्या माश्यांची सात कुळं मानतात. त्यांतलं एक फक्त ऑस्ट्रेलियात आहे, उरलेली सहा आपल्या देशात आहेत. चार्ल्स थॉमस बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याने १८९७ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. सव्वाशे वर्षं उलटली, तरी आजही भारतातल्या माश्या ओळखायला बसलेला अभ्यासक आधी तोच ग्रंथ उघडतो. फुलपाखरांच्या, पक्ष्यांच्या वाट्याला जेवढी हौशी मंडळी आली, तेवढी या माश्यांच्या वाट्याला आली नाहीत. म्हणूनच शोधायला अजून भरपूर शिल्लक आहे.

या गोताचा मूळपुरुष गांधीलमाशीच्या घरातला. गांधीलमाशी पिल्लांसाठी अळ्या, कोळी, किडे धरून आणते. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी, फुलझाडं पृथ्वीवर पसरत होती त्या काळात, त्यांच्यातल्या एका शाखेने शिकार सोडली आणि ती परागावर जगू लागली. अंगावरचे केस फाटे फुटलेले झाले, त्यामुळे पराग अडकू लागला. आजही माशी आणि गांधीलमाशी यांच्यातला फरक भिंगाखाली या फांद्या फुटलेल्या केसांवरून कळतो. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांहून जुनी राळ सापडते. त्या राळेत अडकून राहिलेल्या माश्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली वर्णन करून मांडल्या. हिमालय आजच्याएवढा उंच झाला नव्हता, तेव्हाही या भूमीवर माश्या फुलांवर येत होत्या.

जमिनीतल्या खोल्या

सापगावसारख्या गावात या माश्यांची सगळ्यात मोठी वस्ती जमिनीत असते. भाताच्या खाचरात ती नसते, कारण तिथे चार महिने पाणी उभं राहतं. ती असते बांधाच्या उतारावर, पायवाटेच्या कडेला, खळ्याच्या टणक जमिनीत, मुरमाच्या उघड्या कापात. गवत विरळ असेल, ऊन लागत असेल आणि नांगर फिरत नसेल, अशी हातभर जागा पुरते. जवळ वाकून पाहिलं तर शिसपेन्सिलीच्या टोकाएवढं एक गोल भोक दिसतं आणि भोकाभोवती बारीक मातीचा ढिगारा. मुंगीचं बीळ समजून आपण पुढे जातो. थोडा वेळ थांबलं तर त्या भोकाच्या तोंडाशी एक छोटं काळं डोकं येतं, बाहेर पाहतं आणि पुन्हा आत जातं.

हे हॅलिक्टिडी कुळातल्या माशीचं घर. भोकातून एक उभा बोगदा खाली जातो. त्याच्या बाजूंना छोट्या लांबट खोल्या असतात. प्रत्येक खोली ती जबड्याने कोरते, पोटाच्या टोकाने आतून थापून गुळगुळीत करते आणि मग शरीरातल्या ग्रंथीतून पाझरलेल्या द्रवाचा पातळ लेप देते. हा लेप सुकला की मेणासारखा होतो आणि पाणी आत येऊ देत नाही. ठाणे जिल्ह्याच्या या भागात पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बांध दिवसेंदिवस भिजून राहतो. त्या भिजलेल्या मातीत, बोटभर खोलीवर, एक खोली आतून कोरडी असते, आणि ती कोरडी ठेवायचं काम चार-पाच मिलिमीटर लांबीच्या जिवाने केलेलं असतं.

खोली तयार झाली की पराग आणायच्या फेऱ्या सुरू होतात. पुरेसा पराग जमला की ती त्यात थोडा मधुरस कालवून एक गोळी वळते. गोळीवर एकच अंडं घालते, किंचित वाकडं, दोन्ही टोकं टेकतील असं. मग खोलीचं दार मातीने बंद. आत अळी निघेल, ती गोळी संपवेल, कोष होईल आणि एक दिवस माशी होऊन माती उकरत वर येईल. आई आणि लेकीची बहुतेक वेळा गाठ पडत नाही.

मुलगा की मुलगी हेही ती आईच ठरवते. वीण झाल्यावर नराचं बीज ती पोटातल्या एका पिशवीत जपून ठेवते. अंडं घालताना ते बीज सोडलं तर मादी जन्मते, रोखलं तर नर. साऱ्या गोतात नर हे बिनबापाचे असतात. त्यांना नांगीही नसते, कारण नांगी मुळात अंडं घालायच्या अवयवातून बनलेली आहे.

एकट्या राहणाऱ्या माशीच्या आयुष्यात अशा खोल्या किती होतात? साधारण दहा-वीस, फार झाल्या तर तीस. सातेरीची राणी भरात असताना एका दिवसात शेकडो अंडी घालते. पेटीतल्या माश्या कमी झाल्या तर वसाहत पुन्हा भरून काढू शकते. बांधावरची माशी मेली तर तिच्या जागी कामकरी नसतात. तिच्या उरलेल्या खोल्या झाल्याच नाहीत, एवढंच. या माश्यांची संख्या एकदा घटली की ती सावरायला वेळ का लागतो, ते इथे कळतं.

हॅलिक्टिडी कुळात आणखी एक नवल आहे. काही जाती एकट्या राहतात, काही जातींत चार-दोन माद्या एकच घर वाटून घेतात, तर काहींत आई राणी होते आणि लेकी कामकरी. समाज कसा घडतो याच्या साऱ्या पायऱ्या एकाच कुळात आहेत. हॅलिक्टस रुबिकुंडस नावाची एक जात तर थंड प्रदेशात एकटी राहते आणि उबदार प्रदेशात कुटुंब करून. उन्हाळा लांबला तर पहिल्या लेकी आईच्या मदतीला राहू शकतात. तो आखूड असेल तर ज्याने त्याने आपापलं पाहावं. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी थंड जागच्या माश्या उबदार जागी नेल्या, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी रीतच बदलली.

भातकापणीच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या उन्हात, हातावर येऊन बसणारी आणि घाम चाटणारी बारीक माशी पुष्कळांनी झटकली असेल. तीही बहुधा याच कुळातली. घामातले क्षार तिला हवे असतात. तिला झटकू नका, ती काही करत नाही.

काड्यांमधले संसार

बांधावरून नजर वर उचलली की दुसरी वस्ती दिसते, सुक्या काड्यांची. घाणेरीची मोडलेली फांदी, गुलाबाची छाटलेली काठी, शंकासुराची वाळलेली डहाळी. जिथे काडी तुटलेली असते आणि आतला मऊ भेंड उघडा पडलेला असतो, तिथे सेराटिना वंशाची माशी शिरते. काही काळ्या-पिवळ्या, काही हिरव्या धातूच्या चमकेच्या. ती भेंड कुरतडून लांब नळी करते, तळाशी परागाचा गोळा ठेवून अंडं घालते, भेंडाच्या भुश्याचा पडदा घालते, वर दुसरी खोली, मग तिसरी.

यांतल्या अनेक जातींची आई घर बांधून निघून जात नाही. ती काडीच्या तोंडाशी पाठ करून बसते. मुंगी आली, परजीवी गांधीलमाशी आली, तर पोटाच्या कडक टोकाने दार अडवते. जपानमधल्या अभ्यासकांनी अशा आयांना अधूनमधून पडदे उघडून प्रत्येक पिल्लापाशी जाताना, घाण साफ करून पडदे पुन्हा घालताना पाहिलं आहे. आगपेटीच्या काडीहून थोड्या जाड काडीत, एकटी आई एवढं सगळं करते.

शेजारच्या काडीत ब्राउनसापिस नावाची आणखी छोटी माशी असेल तर तिथली रीत निराळी. ती पडदे घालतच नाही. सगळी पिल्लं एकाच नळीत, लहानमोठी एकत्र, आणि आई त्यांना लागेल तसा पराग आणून भरवते. एकाच बांधावरच्या दोन काड्यांत पिल्लं वाढवायच्या अशा दोन तऱ्हा नांदतात.

हिरव्या सेराटिनाचा एक प्रवास सांगण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिकांच्या परागीभवनासाठी ही माशी भारतातून कॅलिफोर्नियात नेऊन सोडली. तिथे ती रुजली नाही. आपल्याकडे ती बांधावरच्या सुक्या काडीत कुणी न बोलावता राहते.

पानं कापणाऱ्या, घरात घुसणाऱ्या

गुलाबाच्या किंवा कांचनाच्या पानाच्या कडेला कंपासने काढावा तसा गोल कापा दिसला तर औषध फवारू नका. ती कीड नाही. मेगॅचिली वंशाची माशी अर्ध्या मिनिटात पानाचा तुकडा कापते, पायांत धरून उडते आणि बांबूच्या पोकळीत किंवा भिंतीच्या भोकात नेऊन मुडपते. काही लांबट तुकड्यांचा पेला, वर गोल तुकड्यांचं झाकण. ठाकूर-कातकरी बायका पळसाच्या पानांचे द्रोण लावतात, तसे हे माशीचे द्रोण एकापुढे एक लागत जातात, प्रत्येकात एक पिल्लू. अनेक जातींत आतल्या बाजूला मुली आणि दाराकडे मुलगे असतात. नर आधी तयार होतात, आधी बाहेर पडतात, कुणाला ओलांडायला नको.

या माशीचा पराग मागच्या पायांवर नसतो, पोटाच्या खाली असतो. फुलावर बसली की पोट वर उचललेलं आणि खालून पिवळं दिसतं. भातखाचराच्या बांधावर तूर लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. तुरीच्या फुलात पुंकेसर आणि कुक्षी पाकळ्यांच्या होडीत बंद असतात. दमदार मेगॅचिली त्यावर उतरली की वजनाने होडी दबते, आतलं सगळं बाहेर येतं आणि थेट तिच्या पोटाला घासतं.

निळ्या पट्ट्यांची अमेगिला मातीच्या उभ्या कापात किंवा मातीच्या भिंतीत घर करते. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली घरं या भागात होती तोवर तिला जागेची ददात नव्हती. संध्याकाळी तिचे नर एखाद्या सुक्या काडीवर येतात, जबड्याने काडी चावून धरतात, पाय आखडून घेतात आणि तसेच झोपतात. एका काडीवर आठ-दहा नर ओळीने लटकलेले पाहायला मिळतात. सकाळी ऊन लागलं की एकेक सुटतो.

अमेगिलाच्या मागावर थायरियस असते. काळी कुळकुळीत, अंगावर निळे-पांढरे ठिपके, दिसायला अतिशय देखणी. ती घर बांधत नाही, पराग गोळा करत नाही. अमेगिला बाहेर गेली की तिच्या खोलीत शिरून अंडं घालते, आणि त्या अंड्यातली अळी यजमानाचं पिल्लू मारून त्याचा पराग खाते. वाचायला हे क्रूर वाटतं. पण ज्या जागी अमेगिला भरपूर आहेत त्याच जागी थायरियस तग धरते. ती दिसली म्हणजे त्या बांधावरची वस्ती अजून धडधाकट आहे, असं खुशाल समजावं.

झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीत मेण आणि राळेची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर ते पोयाच्या माशीचं घर. ही मात्र एकटी नाही. हिची वसाहत असते, राणी असते, छोट्या मडक्यांत साठवलेला थोडा आंबटसर मधही असतो. हिला डंख मारता येत नाही, नांगी नावापुरतीच उरली आहे. काकडीवर, आंब्याच्या मोहोरावर ही हमखास दिसते.

मध नाही, पण पीक आहे

जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमीअधिक प्रमाणात कीटकांची, पक्ष्यांची किंवा इतर प्राण्यांची मदत लागते, असं २००७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. भात, नाचणी, वरी यांना ती लागत नाही, ती वाऱ्याची आणि स्वतःच्या परागाची पिकं. पण काकडी, कारली, दोडका, भोपळा यांची नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. कुणीतरी पराग नेल्याशिवाय इवलीशी काकडी फुलाखालीच पिवळी पडून गळते. भेंडीचं फूल स्वतःच्या परागावर धरतं, तरी माशी आली तर बिया जास्त भरतात.

मग पेट्या ठेवल्या की झालं, असं वाटेल. पेट्या उपयोगीच आहेत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं आणि तिथल्या घराघराला त्यातून उत्पन्न मिळतं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जगभरातल्या ४१ पीकव्यवस्थांतली ६०० शेतं तपासली गेली. रानातल्या कीटकांच्या फेऱ्या वाढल्या की फळधारणा जेवढी वाढली, ती पाळीव मधमाश्यांच्या तेवढ्याच फेऱ्यांनी वाढलेल्या फळधारणेच्या दुप्पट होती. पेटी रानमाशीची जागा घेत नाही. तिच्या कामात भर घालते.

याचं एक कारण त्यांच्या परागाच्या ओझ्यात आहे. मधमाशी पराग मधुरसात भिजवून त्याच्या घट्ट गोळ्या पायांवर बसवते. तो पराग कुक्षीच्या फारसा कामाचा राहत नाही. रानमाश्या बहुतेक वेळा पराग कोरडाच, केसांत मोकळा वाहतात. जाता जाता तो सांडतो, आणि ते सांडणंच पिकाला हवं असतं. दुसरं कारण विविधतेत आहे. कुणी पहाटे लवकर निघते, कुणी भर उन्हात. कुणाची जीभ आखूड, ती काकडीच्या उघड्या फुलावर. कुणाची लांब, ती तेरड्याच्या शेपटीपर्यंत पोचते. एखाद्या वर्षी एक जात कमी झाली तर दुसरी काम सांभाळते.

या माश्यांपुढचा मोठा अडसर म्हणजे अंतर. पाच-सहा मिलिमीटरची माशी घरापासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. सातेरी एक-दीड किलोमीटरवरून येऊ शकते. हिला घर आणि फूल दोन्ही जवळच लागतं, आणि तेही सलग. भेंडी-काकडीचा हंगाम महिना-दोन महिन्यांचा. बाकीच्या दिवसांत ती जगते बांधावरच्या तणावर. पावसाळ्यात केणा, टाकळा, तेरडा आणि पिवळा कवळा. माळशेजच्या बाजूला चढलं की सोनकी. पुढे हिवाळ्यात आंब्याचा मोहोर, उन्हाळ्यात जांभूळ, कुडा. ज्याला आपण तण म्हणतो, ते तिचं वर्षभराचं धान्य आहे.

बांधाचं काय करायचं

बांध आता सिमेंटचे होऊ लागले आहेत, कुठे तणनाशकाने वर्षभर लख्ख ठेवले जातात. राब भाजताना, माळ पेटवताना बांधावरच्या काड्याही जळतात, आणि त्या काड्यांत पुढच्या हंगामाच्या माश्या असतात. यात शेतकऱ्याचा दोष शोधायचं कारण नाही. जे कुणी दाखवलंच नाही ते तो कसं जपेल? आणि जपायला फार काही लागतही नाही.

बांधाचा उन्हातला उतार थोडा तरी नांगराविना आणि तणनाशकाविना राहू द्या. घाणेरी, गुलाब, शंकासुर छाटल्यावर काही काड्या पुढचा हंगाम येईपर्यंत तशाच उभ्या ठेवा. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोतल्या अभ्यासकांनी शंकासुराच्या छाटलेल्या फांद्यांत या माश्यांची वस्ती वाढवून पाहिली आहे. बांबूचे वीतभर तुकडे, एका टोकाला पेर बंद असलेले, पेन्सिल जाईल-न जाईल एवढ्या पोकळीचे, जुडगा बांधून पडवीत पाऊस लागणार नाही अशा जागी टांगा. काही दिवसांत एखादं तोंड पानाने किंवा मातीने बंद झालेलं दिसेल. फवारणी टाळता येत नसेल तर ती संध्याकाळी करा. भेंडीचं फूल दुपारनंतर मिटतं आणि तोवर माश्या घरी गेलेल्या असतात.

शाळांनी मुलांना एकदा बांधावर न्यावं. दोन पंख असतील तर ती साधी माशी, चार असतील तर आपली. मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या. पोटावर किंवा पायांवर परागाची पिवळी भुकटी. एवढ्या खुणा पुरतात. किती वेगवेगळ्या माश्या दिसल्या, कोणत्या फुलावर, कोणत्या महिन्यात, याची वही मुलांनी ठेवली तर शहापूर-मुरबाडच्या रानमाश्यांची ती मोलाची नोंद होईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, सकाळचं ऊन आणि थोडा धीर लागतो.

मधाच्या बाटलीची किंमत आपण मोजतो. वांग्याच्या, काकडीच्या, तुरीच्या किमतीत ज्यांचा वाटा आहे, त्यांना आजवर आपण काही दिलेलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. हातभर उघडी जमीन, चार सुक्या काड्या आणि बांधावरचं थोडं तण, एवढ्यावर त्यांचं भागतं. यंदा बांध साफ करायला विळा घ्याल, तेव्हा तेवढं सोडा.